प्रकृतीची मात्रा आणि फझी संचांवरील मूलक्रिया

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी 'देश का प्रकृति परीक्षण' या अभियानास प्रारंभ झाला आणि महिनाभरातच एक कोटीहून अधिक नागरिकांचे प्रकृतिपरीक्षण नोंदले गेले. २० फेब्रुवारी २०२५ रोजी त्याचा समारोपही आपल्या मुंबईतच झाला. अभियानाचे मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तथापि त्यानंतर चिकित्सालयात येणारा रुग्ण 'माझी प्रकृती कोणती?' हा प्रश्न अधिक आग्रहाने विचारू लागला आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या अनुभवास आले असेल. या प्रश्नातून वैद्यवर्गास अडचणीत टाकणारा प्रसंगही उद्भवतो. खाडीपलीकडील गोराई गावचा रुग्ण तेथील वैद्यांकडून 'वातपित्तज' असे ऐकून येतो, होडीने खाडी ओलांडून बोरिवलीत उतरतो आणि येथील वैद्य त्यास 'वातज' म्हणतात. रुग्णाचा विश्वास तेथेच डळमळतो. टीकाकारांस तर आयतेच निमित्त मिळते.

आमचे म्हणणे असे की, अशा प्रसंगी दोष बहुधा परीक्षणात नसतो. परीक्षणास नाव देण्याच्या रीतीत असतो. दोन्ही वैद्यांनी पाहिलेली लक्षणे जवळजवळ सारखीच असूनही नावे भिन्न पडू शकतात. हे कसे घडते, ते समजण्यासाठी गणितातील एका शाखेची ओळख उपयुक्त ठरते. तिचे नाव फझी संचसिद्धांत. मराठीत त्यास 'धूसर संच' म्हणता येईल. 'संदिग्ध' हा शब्द आम्ही हेतुतः टाळतो, कारण येथे संदेह नसतो. असते ते तारतम्य.

शालेय गणितातील संच आपणा सर्वांस परिचित आहे. कोणतीही वस्तू संचात असते अथवा नसते. तिसरा पर्याय नाही. गोराईच्या रहिवाशांस याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून जमिनीच्या दिशेने ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आणला. म्हणजे ४९९ मीटरवरील घर संचात आणि ५०१ मीटरवरील संचाबाहेर. पुढे २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी अंतरे व नियम बदलले, परंतु रेषा ही कल्पना कायम राहिली. कायद्यास रेषा लागते, आणि ते योग्यच आहे. समुद्रास मात्र ती ठाऊक नसते. खाडीकाठच्या तिवरांच्या चिखलात उभे राहून 'येथे जमीन संपली' असे बोट ठेवून कोणासही दाखविता येणार नाही.

१९६५ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक लॉटफी झादे यांनी 'फझी सेट्स' हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. झादे यांचा जन्म १९२१ मध्ये बाकू येथे झाला व २०१७ मध्ये ते निवर्तले. त्यांची कल्पना मुळात साधी आहे. संचातील सदस्यत्व 'आहे' किंवा 'नाही' असे न मानता त्यास ० ते १ यांमधील कोणतीही मात्रा द्यावी. ० म्हणजे मुळीच सदस्य नाही, १ म्हणजे पूर्ण सदस्य, आणि ०.७ म्हणजे बऱ्याच अंशी सदस्य. नेहमीचा संच हा याच कल्पनेचा विशेष प्रकार ठरतो. त्यात मात्रा केवळ ० आणि १ एवढ्याच असतात. १९९० च्या दशकात 'फझी लॉजिक' अशी चिठ्ठी लावलेली धुलाईयंत्रे आपल्या घरांत आली, त्यांमागील मूळ विचार हाच होता.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. मात्रा म्हणजे संभाव्यता नव्हे. समजा, दहा झाकलेल्या हंड्यांपैकी सातांत खारे आणि तिनांत गोडे पाणी आहे. एक हंडा उचलला, तर तो खारा असण्याची संभाव्यता ०.७ आहे, पण झाकण काढून चव घेताच ती संपते, पाणी खारे तरी निघते किंवा गोडे तरी. याउलट किनाऱ्यालगतच्या एखाद्या विहिरीचे मचूळ पाणी '०.७ मात्रेने खारे' आहे असे म्हटले, तर कितीही वेळा चव घेतली तरी ते ०.७ च राहते. 'हा पुरुष ०.७ मात्रेने वातल आहे' हे विधान दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याचा अर्थ, शंभरांपैकी सत्तर वेळा तो वातल ठरेल, असा नाही.

आयुर्वेदास ही दृष्टी परकी वाटण्याचे कारण नाही. दोषांच्या वृद्धिक्षयाचे तर-तम भावाने ६२ भेद चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सतराव्या अध्यायात सांगितले आहेत: वृद्धीचे २५, क्षयाचे २५ आणि मिश्र १२, साम्यावस्था धरून ते ६३ होतात. अंशांश कल्पना तर निदानाचा प्राणच होय. म्हणून चरकाचार्यांनी झादे यांच्या आधीच फझी गणित शोधले होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अशा विधानांनी आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही. तारतम्य ओळखणे वेगळे आणि त्यावर क्रिया करण्याचे नियम बांधणे वेगळे. दुसरे काम झादे यांनी केले, आणि आज आपणास नेमके तेच हवे आहे.

छेद : 'आणि'ची क्रिया

दोन संचांचा छेद म्हणजे दोन्हींत असलेले घटक. फझी संचांत झादे यांनी नियम दिला तो असा: प्रत्येक घटकाच्या दोन मात्रांपैकी जी लहान, ती छेदातील मात्रा.

देशविचार घेऊ. जांगल, अनूप आणि साधारण असे तीन देश शास्त्रात वर्णिले आहेत. जांगल व अनूप यांच्या मिश्र लक्षणांनी युक्त तो साधारण. नेहमीच्या संचसिद्धांतात ही व्याख्या अडचणीची आहे. जांगल आणि अनूप परस्परविरुद्ध मानले, तर त्यांचा छेद रिक्त राहतो आणि साधारण देश नकाशावर कोठेच सापडत नाही! फझी रीतीने पाहिले म्हणजे अडचण उरत नाही. गोराईतीलच तीन स्थाने घ्या. पुढील मात्रा आमच्या अंदाजाच्या आहेत. कोणी वेगळ्या दिल्या तर वाद नाही. खाडीकाठची तिवरांची दलदल: अनूप ०.९, जांगल ०.१. गावातील नारळांच्या वाड्या: अनूप ०.७, जांगल ०.३. पॅगोड्याच्या बाजूची टेकडी: अनूप ०.५, जांगल ०.४. लहान मात्रा घेत गेल्यास साधारणत्व अनुक्रमे ०.१, ०.३ आणि ०.४ येते. एका गावाच्या शिवारात तिन्ही देश न्यूनाधिक प्रमाणात नांदत आहेत, हे प्रत्यक्षाशी जुळते. वैशाखात आणि श्रावणात या मात्रा बदलतील, हेही उघड आहे. टेकडीच्या दोन मात्रांची बेरीज ०.९ होते, १ नव्हे, याकडेही लक्ष द्यावे. फझी मात्रांची बेरीज १ होण्याचे कोणतेही बंधन नाही.

संयोग आणि पूरक : 'किंवा' आणि 'नव्हे'

संयोगासाठी नियम उलट आहे. दोन मात्रांपैकी मोठी घ्यावयाची. पूरक संचासाठी १ मधून मात्रा वजा करावयाची.

या दोन्ही क्रिया पंचकर्मात रोजच्या आहेत. वमनास अयोग्य व्यक्तींच्या यादीत वृद्ध, दुर्बल, कृश, गर्भिणी आदींचा समावेश आहे. ही यादी म्हणजे संयोगच होय, कारण यांपैकी एक कारणही पुरेसे असते. साठी ओलांडलेला एक रुग्ण घ्या: वृद्ध ०.५, दुर्बल ०.३, कृश ०.७. अवम्यत्व म्हणजे यांतील मोठी मात्रा, ०.७. वम्यत्व त्याचा पूरक, ०.३. आता दुसऱ्या वाटेने जाऊ. न-वृद्ध ०.५, न-दुर्बल ०.७, न-कृश ०.३, वमनास योग्य तो, जो वृद्ध नाही आणि दुर्बल नाही आणि कृशही नाही, म्हणून लहान मात्रा घ्यावयाची. ती ०.३ च येते. 'किंवा'चा पूरक म्हणजे पूरकांचा 'आणि', हा डी मॉर्गन यांचा नियम फझी संचांतही अबाधित राहतो. गर्भिणीबाबत मात्रा १ असते, त्यामुळे अवम्यत्व थेट १ होते आणि चर्चा संपते. जेथे शास्त्राची आज्ञा स्पष्ट आहे, तेथे हे गणित तिला पातळ करीत नाही.

मात्र एक जुना नियम येथे टिकत नाही. 'स्थूल' ०.६ असलेला पुरुष 'न-स्थूल' ०.४ असतो. दोन्हींचा छेद ०.४ येतो, शून्य नव्हे. आणि संयोग ०.६ येतो, १ नव्हे. 'एक तर आहे, नाही तर नाही' हे तत्त्व येथे सुटते. तर्कशास्त्राचा अभ्यास केलेल्यांस हे खटकेल. वैद्यास खटकू नये.

पूरकाविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. 'न-स्थूल' म्हणजे 'कृश' नव्हे. नञ् चे सहा अर्थ वैयाकरणांनी मानले आहेत. त्यांत अभाव निराळा आणि विरोध निराळा. गणितातील पूरक केवळ अभाव सांगतो. कृशत्वाची मात्रा हवी असल्यास ती स्वतंत्र परीक्षणानेच मिळवावी, १ मधून स्थूलत्व वजा करून नव्हे. प्रश्नावलींवर आधारित नोंदींमध्ये हा घोटाळा फार आढळतो.

कोणती क्रिया निवडावी?

वर दिलेले नियम झादे यांचे मूळ नियम होत. ते एकमेव नाहीत. छेदासाठी लहान मात्रेऐवजी दोन मात्रांचा गुणाकार घेता येतो. संयोगासाठी दोन मात्रांची बेरीज करून तीतून त्यांचा गुणाकार वजा करता येतो. गणितास हे सर्व चालते. वैद्यास काय चालेल, हा खरा प्रश्न आहे, आणि या लेखातील आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

वरील रुग्णच पुन्हा पाहू. 'मोठी मात्रा घ्या' या नियमानुसार वृद्ध ०.५, दुर्बल ०.३, कृश ०.७ असलेला आणि केवळ कृश ०.७ असलेला तरुण, हे दोघे सारखेच अवम्य ठरतात. कोणताही अनुभवी वैद्य हे मान्य करणार नाही. वार्धक्य, दौर्बल्य आणि कार्श्य एकत्र आले की धोका साचत जातो. दुसऱ्या नियमाने पाहिल्यास वृद्ध व दुर्बल मिळून ०.६५, आणि त्यात कृश मिळविल्यावर सुमारे ०.९ येते. हे उत्तर चिकित्सेच्या दृष्टीने अधिक विश्वसनीय आहे.

तर मग हाच नियम सर्वत्र लावावा का? तेही नाही. 'मोठी मात्रा' या नियमाचा एक गुण असा की तीच गोष्ट दोनदा सांगितली तरी उत्तर बदलत नाही: ०.५ आणि ०.५ मिळून ०.५ च. साचविणाऱ्या नियमात मात्र ०.५ आणि ०.५ मिळून ०.७५ होते. प्रकृतिपरीक्षणाच्या पुष्कळ प्रश्नावलींत 'त्वचा रुक्ष आहे का', 'केस रुक्ष आहेत का', 'तळपायांस भेगा पडतात का' असे एकाच रुक्ष गुणाचे प्रश्न वेगवेगळ्या वेशांत येतात. तेथे साचविणारा नियम लावल्यास वाताची मात्रा निष्कारण फुगेल. जेथे कारणे खरोखर स्वतंत्र आहेत तेथे साचवावे. जेथे एकाच कारणाची अनेक चिन्हे आहेत तेथे मोठी मात्रा घेऊन थांबावे. हा निर्णय संगणकावर सोपविता येत नाही. पुण्याच्या सी-डॅकने 'आयुसॉफ्ट' विकसित केल्यापासून आपल्याकडे संगणकीय प्रकृतिनिर्धारण परिचयाचे झाले आहे, आणि आता तर ते भ्रमणध्वनीवर आले आहे. अशी कोणतीही प्रणाली स्वीकारताना 'आत कोणती क्रिया वापरली आहे?' हा प्रश्न वैद्याने विचारावा, असे आम्ही सुचवितो.

('अति' या विशेषणासाठी मात्रेचा वर्ग व 'किंचित्' साठी वर्गमूळ घ्यावे, अशीही एक सूचना झादे यांनी केली आहे. त्यानुसार ०.८ स्थूल असलेला ०.६४ अतिस्थूल ठरतो. सोय म्हणून ठीक; अतिस्थूलाची लक्षणे शास्त्रात स्वतंत्रपणे दिली असताना आम्हांस वर्ग करण्याची गरज भासत नाही.)

दोन वैद्य, एक रुग्ण

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. गोराईतील वैद्यांच्या परीक्षणात रुग्णाच्या मात्रा वात ०.७, पित्त ०.६, कफ ०.२ अशा आल्या, असे समजू. 'वातपित्तज' म्हणजे वात आहे आणि पित्त आहे आणि कफ नाही: ०.७, ०.६ व ०.८ यांतील लहान मात्रा, ०.६. 'वातज' म्हणजे वात आहे आणि पित्त नाही आणि कफ नाही: ०.७, ०.४ व ०.८, म्हणून ०.४. याच रीतीने 'पित्तज' ०.३ येते आणि उर्वरित चार प्रकार प्रत्येकी ०.२ येतात. सर्वांत मोठी मात्रा वातपित्तजाची, म्हणून ते नाव दिले गेले.

बोरिवलीतील वैद्यांनी वात व कफ तेवढेच मोजले. पित्त मात्र ०.४५ मानले. रुग्ण शिशिरात आला असेल, प्रवासाने थकला असेल, कारण काहीही असो. आता वातपित्तज ०.४५ आणि वातज ०.५५. नाव बदलले. दोन्ही परीक्षणांतील भेद केवळ एका दोषात, तोही ०.१५ चा, परंतु रुग्णाच्या हाती आलेले दोन शब्द परस्परांस खोडून काढणारे. मात्रा लिहून दिल्या असत्या, तर कोणाही तिसऱ्या वैद्यास कळले असते की दोघांनी एकच मनुष्य पाहिला आहे.

यातून सुचणारी सुधारणा लहानशी आहे. रुग्णपत्रिकेवर प्रकृतीचे नाव लिहिण्यापूर्वी तीन मात्रा लिहाव्यात. नाव शेवटी लिहावे, आणि पहिल्या दोन नावांतील अंतर ०.२ किंवा त्याहून कमी असेल तर दोन्ही नावे लिहावीत. वरील दोन्ही वैद्यांनी ही रीत पाळली असती, तर गोराईत 'वातपित्तज ०.६, वातज ०.४' आणि बोरिवलीत 'वातज ०.५५, वातपित्तज ०.४५' अशी नोंद झाली असती. त्यात विसंवाद कोणास दिसला असता? मात्र या तीन आकड्यांस टक्के समजून त्यांची बेरीज शंभर करण्याचा मोह टाळावा. टक्केवारीत वात वाढविला की पित्त आपोआप घटते. शरीरात तसे घडतेच असे नाही. तिन्ही दोषांची लक्षणे ठळक असणारा मनुष्य आणि तिन्हींची अस्पष्ट असणारा मनुष्य, टक्केवारीत दोघेही तेहतीस-तेहतीस-तेहतीस दिसतात.

औषधनिर्मात्यांसाठी

स्नेहपाकाची परीक्षा हे फझी छेदाचे आम्हांस ठाऊक असलेले सर्वांत नीटस उदाहरण होय. तैल सिद्ध होताना कल्काची वर्ती वळली पाहिजे, आणि ती अग्नीवर धरता शब्द होता कामा नये, आणि तैलावर फेन आला पाहिजे. समजा, वर्ती ०.९, निःशब्दता ०.८, फेनोद्गम ०.६ आहे. लहान मात्रा ०.६, पाक अजून व्हावयाचा आहे, अग्नी चालू ठेवावा. याच तीन मात्रांची सरासरी सुमारे ०.७७ येते आणि 'झाले' असे वाटून कढई उतरविली जाते. सरासरीत एक चांगली खूण दुसऱ्या उणीव असलेल्या खुणेची भरपाई करते. पाकात अशी भरपाई मान्य नाही. वर्ती उत्तम वळली म्हणून आतील जलांश सुटत नाही. गुणाकारही येथे निरुपयोगी आहे. दहा खुणा तपासल्या आणि प्रत्येक ०.९ असली तरी गुणाकार सुमारे ०.३५ वर येतो, आणि उत्तम पाकही अपुरा ठरतो.

घृताच्या बाबतीत शेवटची खूण उलटते: फेन शमला पाहिजे. म्हणजे फेनाच्या मात्रेचा पूरक घ्यावयाचा. फेन ०.६ असेल तर फेनशांती ०.४. एकाच नोंदवहीत तैल व घृत दोन्हींचे स्तंभ असतील, तर हा पूरक घेण्यास कारागीर विसरणार नाही, अशी व्यवस्था करावी. मृदु, मध्यम व खर पाक हेही तीन फझी संचच आहेत. चरकमताने नस्यासाठी मृदु, पान व बस्तीसाठी मध्यम, अभ्यंगासाठी खर. एखादी घाणी मध्यम ०.५ व खर ०.४ निघाली, तर ती पानार्थ न देता अभ्यंगाकडे वळविणे शहाणपणाचे, कारण खरतेचा धोका पानात अधिक.

कच्च्या मालाच्या खरेदीतही हीच रीत चालते. गुळवेलीचे कांड पक्वतेस ०.८, कडवटपणास ०.९, पण बुरशीविरहिततेस ०.३ असेल, तर तो माल ०.३ चा. व्यापारी सरासरी काढून दाखवील. आपण लहान मात्रा धरावी.

मात्र एका ठिकाणी या सर्व गणितास प्रवेश नाही. शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३ आणि पारा १ पीपीएम या वनस्पतिज औषधांच्या जड धातूंच्या मर्यादा या रेषाच आहेत. निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी ही चाचणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य झाली. तेथे ११ पीपीएम शिशास '०.९ मात्रेने सुरक्षित' म्हणण्याची सोय नाही, आणि कोणी तसे म्हणू लागल्यास त्याने फझी गणिताचा आधार घेऊ नये.

राहता राहिला प्रश्न: या मात्रा द्यावयाच्या कशा? ०.६ की ०.६५, असा काथ्याकूट व्यर्थ आहे. आरंभी ०, ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ या पाचच पायऱ्या वापराव्यात, आणि प्रत्येक पायरीचे एकेक उदाहरण आधी ठरवून लिहून ठेवावे: स्वेद किती म्हणजे ०.७५, भूक किती तीव्र म्हणजे १. खाडीच्या दोन्ही तीरांवरील चार-सहा वैद्यांनी अशी उदाहरणांची सूची एकत्र बसून केली, तीच सूची हाती घेऊन वीस रुग्ण परस्परांस न विचारता तपासले आणि मात्रा शेजारी शेजारी मांडल्या, तर कोणत्या लक्षणात आपण खरोखर भिन्न पाहतो आणि कोठे केवळ नावात भांडतो, हे एका पावसाळ्यात कळून येईल. सूचीचा आरंभ त्वचा, स्वेद, क्षुधा व निद्रा या चार परीक्षणांपासून करावा. वीस रुग्णांसाठी तेवढी पुरेत.